डांगरवाडीचा उन्हाळा

संक्रांत व्हायची होती अजून. सकाळी स्वेटर घालून दूध आणायला निघाले, तर आमच्या चौकात ठेल्यावर टरबुजांचा ढीग रचलेला. ठेलेवाल्याच्या डोक्याला मफलर, तोंडातून वाफ निघत होती, आणि तो मात्र "मीठा, थंडा, लाल" म्हणून ओरडत होता. एक टरबूज कापून वर मांडलेलं. आतून इतकं लाल की बघून मलाच हुडहुडी भरली.

"आत्ता कुठून आली हो ही?" मी विचारलं.

"कळमन्याच्या मार्केटातून, ताई."

"ते माहीत आहे. कळमन्यात कुठून आली?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "आता तं बाराही महिने येतात ना, ताई. ट्रक येते, उतरवते, जाते. देऊ का एक?"

मी घेतलं नाही. कंजुषी म्हणून नाही, अन् थंडी होती म्हणूनही नाही. टरबुजाची वाट पाहायची असते असं कुठंतरी मनात घट्ट बसलेलं आहे. होळी जळून जावी, शाळेच्या पंख्याची हवा गरम लागायला लागावी, परीक्षेचा शेवटचा पेपर द्यावा आणि मग कुठं त्यानं यावं. वाट न पाहता समोर आलेल्या फळाशी काय बोलावं ते मला कळत नाही.

घरी येऊन शेवंतामामीला फोन लावला. ती उमरेडला असते, तिच्या मुलाकडे, दिलीपकडे.

"मामी, टरबुजं आली वं इकडे."

"आता? या थंडीत?" ती हसली. हसता हसता खोकली. "कोण खाईन वं बाई? नाक गळन ना माणसाचं."

फोन कानाशी धरून मी खिडकीत उभी राहिले. ती काय पाहून राहिली असेल ते मला माहीत होतं, कारण मीही तेच पाहत होते. कन्हान नदीचं पांढरं पात्र, डोळे दिपवणारं, आणि त्यात दूरवर पसरलेला हिरवा वेल.

मी चौथीची परीक्षा दिली त्या वर्षी आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. बाबा दिवसभर दवाखान्यात, रात्री कारखान्यात. मला कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला, तर नामदेवमामा सायकल घेऊन आला आणि म्हणाला, "द्या तिले माह्यासंगं. वाडीवर राहीन ती, आमच्यासारखी." मला वाडी म्हणजे बाग वाटली होती. झाडं, झोपाळा असं काही. मामानं सायकल कामठीच्या पुढं नेली, एका पायवाटेनं नदीच्या काठावर थांबवली आणि म्हणाला, "उतर. आलं घर."

समोर रेतीच रेती. घर कुठं दिसेना.

होतं, पण ते रेतीत होतं. तुराट्यांच्या भिंती, वर पळसाची पानं आणि गवत, खाली पोतं अंथरलेलं. मांडवाच्या आडव्या दांडीला लुगड्याची झोळी आणि झोळीत एक वर्षाचा दिलीप झोपलेला. बाहेर नजर जाईल तिथपर्यंत टरबूज, डांगर, काकडी, कारल्याचे वेल. ही डांगरवाडी. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात, त्यावरून ते नाव. दिवाळीनंतर नदीचं पाणी ओसरलं की आमच्या ढिवरांची, म्हणजे मासेमार लोकांची, कुटुंबं पात्रात उतरायची, आपापला तुकडा ठरवून घ्यायची, रेतीत ओल लागेपर्यंत खड्डे खणायची, त्यात शेणखत भरायची आणि बी टाकायची. सातबाऱ्यावर नाव कुणाचंच नाही. पावसाळ्यात नदी यायची आणि सगळं घेऊन जायची. झोपडी, कुंपण, सडलेले वेल, माणसांच्या पावलांच्या खुणा, सगळं. मामा म्हणायचा, "आपलं वावर नदी दरसाल धुवून, वाळवून, घडी करून देते. कोणत्या पाटलाची हाय का अशी सोय?"

पहिल्या दिवशी मी रडले. रेती तापते कशी ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं. दुपारी पाय ठेवला की भाजायचा. मामीनं मला पळसाच्या पानांच्या चपला बांधून दिल्या. त्या दोन पावलांत सुटल्या आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तेव्हा मामी असेल वीस-बावीसची. काळी, उंच, हातापायांनी लांब. झिऱ्यातून पाणी काढताना तिच्या दंडाचे स्नायू दोरीसारखे ताणले जायचे. झिरा म्हणजे रेतीत खणलेला खड्डा. थोडं थांबलं की त्यात खालून पाणी झिरपून यायचं, गार आणि इतकं नितळ की तळाचे दाणे मोजावेत. दोन घागरी भरायच्या, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि वेलाच्या बुडाशी ओतायच्या. पुन्हा झिरा, पुन्हा वेल. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ती अशीच ये-जा करायची, आणि पुन्हा उन्हं कलल्यावर.

आता हे लिहिताना लिहिणारीला वाटतं, काय सुंदर होतं सगळं. मामीला असं वाटत नाही. गेल्या वर्षी मी तिच्यासमोर असंच काहीतरी भावुक बोलले, तर तिनं दोन्ही तळवे पुढे केले. "हे पाहून बोल. अन् माही कंबर मेली कशानं, माहीत आहे? त्याच पाण्यानं." ती खरं तेच बोलत होती. पण नंतर मान वळवून तीच म्हणाली, "पण पाणी गोड होतं बाप्पा."

दुपारी काम बंद असायचं. मांडवाखाली आम्ही पडायचो. नदीच्या उरलेल्या धारेवरून कधीतरी एखादी झुळूक यायची आणि ती आली की मामी डोळे मिटून "हं" म्हणायची, जणू कुणी ओळखीचं दारात आलं. जेवणाला भाकर, कांदा, आणि फुटलेलं टरबूज. चांगली फळं कामठी आणि नागपूरच्या बाजाराला जायची, मामाच्या सायकलवर दोन्ही बाजूंना पोती बांधून. आमच्या वाट्याला यायचं ते कोल्ह्यानं कुरतडलेलं, उन्हानं तडकलेलं, वाकडंतिकडं. पण त्याची चव! ती कशी होती ते सांगायला बसले की शब्द हात झटकतात. ते थंड नसायचं, कोमट असायचं. मधोमध गोड, कडेला येता येता थोडं आंबूस, पांढऱ्या भागात काकडीसारखं. आणि त्या सगळ्यावर एक वास, ओल्या रेतीचा. एकाच फळात तीन-चार चवी आणि प्रत्येक फळाची तऱ्हा वेगळी. फिकं निघालं तर मामी म्हणायची, "हे लाजरं आहे," आणि तेही आम्ही खायचो.

त्या उन्हाळ्याच्या मधल्या दिवसांत ट्रक आला.

आधी नुसता आवाज. काठावरून घरघर ऐकू आली, मग धूळ दिसली, मग एक लाल तोंडाचा ट्रक काठ उतरून सरळ पात्रात. नागपुरात तेव्हा घरं बांधायची धूम सुरू झाली होती आणि नदीची रेती न्यायला गाड्या येऊ लागल्या होत्या. पण त्या आजवर पुलाच्या पलीकडे जायच्या. या गाडीची वाट चुकली, किंवा तिनं जवळची वाट शोधली. ती सरळ आमच्या कुंपणाच्या दिशेनं येत होती. मामा बाजाराला गेलेला. मी दिलीपला झोळीतून उचलून छातीशी धरलं. मामी उठली, पदर खोचला आणि ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. ओरडलीही नाही. नुसती उभी राहिली, वेल पायांशी, ट्रक समोर.

ड्रायव्हर खाली उतरला. घामानं भिजलेला, पांढरी बनियन, गळ्यात रुमाल.

"बाई, बाजू हो जाओ. गाडी फस जाएगी यहाँ."

"फसू द्या," मामी म्हणाली. "इकडून रस्ता नाई."

"तो किधर से है?"

"तिकडून, पुलाकडून. इथं माहे लेकरं हायेत."

ड्रायव्हरनं माझ्याकडे आणि दिलीपकडे पाहिलं. मामीनं मान हलवली आणि वेलाकडे बोट दाखवलं. "हे."

ऊन भयंकर होतं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मामीनं ते पाहिलं. ती मांडवात गेली, बाजारासाठी बाजूला ठेवलेलं एक मोठं टरबूज उचललं, गुडघ्यावर आपटून फोडलं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते रेतीत उकिडवं बसून खाल्लं. हातानं, बोटं बुडवून, हनुवटीवरून रस गळत. खाऊन झाल्यावर साल रेतीत पालथी ठेवली, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "ऐसा तरबूज मैंने नहीं खाया, बाई." मग गाडीत बसला आणि उलट्या चाकांनी, मागे मागे, अगदी हळू, आलेल्याच खुणांवरून काठापर्यंत गेला. एकही वेल चिरडला नाही.

त्याचं नाव रशीदभाई. त्यानंतर तो दुपारी पुलाकडून चालत यायचा, मांडवाखाली बसायचा, टरबूज खायचा. मामाशी त्याची गट्टी जमली. दोघं विड्या ओढत बसायचे. दिलीपला तो पेपरमिंटच्या गोळ्या आणायचा. मामी त्याला "भाऊ" म्हणायला लागली. शेवटी शेवटी तर रशीदभाई आला नाही की तीच काठाकडे पाहायची आणि मामाला विचारायची, "भाऊ काहून नाई आला आज?"

मेच्या शेवटी आई बरी होऊन घरी आली आणि बाबा मला न्यायला आले. निघताना मामीनं माझ्या फ्रॉकच्या खिशात वाळलेली बोरं आणि कोरडी मिरची भरली. मिरची कशाला, ते मला आजही कळलेलं नाही. बहुतेक हाताला तेवढंच लागलं असेल.

पुढच्या हिवाळ्यात मामा वाडीवर कमी दिसू लागला, असं आई सांगायची. रशीदभाईनंच त्याला काम लावून दिलं होतं. ट्रकमध्ये रेती भरायचं. रोजची मजुरी, हातोहात. डांगरवाडीचं सगळं नशिबावर. एक गारपीट झाली की हिवाळ्यापासूनचे कष्ट मातीत. रेतीवर गारपीट झाली तर काय बिघडतं? मामाकडे फावडं होतंच, आणि त्या फावड्याला ही रेती चांगली ओळखीची होती. रशीदभाईनं भल्यासाठीच केलं. खाल्ल्या मिठाला, नव्हे, खाल्ल्या टरबुजाला जागला तो.

मी त्यानंतर दोनदा वाडीवर गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा वाडीच्या पलीकडे खोल खड्डे पडलेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वाडी त्या खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यात उरलेली. झिऱ्याला पाणी लागायला मामीला कमरेएवढं खणावं लागत होतं, आणि पाण्याला तांबूस रंग आलेला. मामा त्याच पात्रात, थोड्या अंतरावर, ट्रकमध्ये रेती फेकत होता. दुपारी मामीनं त्याला डबा नेऊन दिला. ते दोघं खड्ड्याच्या काठावर बसले, पाय खाली सोडून, आणि काहीच न बोलता जेवले. मी लांबून पाहत होते. भांडत असते तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी ते पात्रात उतरलेच नाहीत. पुढं रेती उपसायचं मशीन आलं, मामाचं फावडंही गेलं. वरच्या अंगाला धरणात पाणी अडलं. नदी पावसाळ्यात यायची, पण तिच्याकडे धुवून द्यायला काही उरलं नव्हतं. मामा बुटीबोरीला एका कापड गिरणीत लागला आणि तिथंच म्हातारा झाला. गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली.

आम्ही नागपुरात फ्लॅट घेतला तेव्हा बांधकाम चालू होतं. खाली रेतीचा ढीग पडलेला आणि त्यावर पोरं घसरत होती. माझ्या नवऱ्यानं मूठभर उचलून चोळून पाहिली आणि समाधानानं म्हणाला, "कन्हानची आहे. असली रेती आता मिळत नाही." त्याला काय सांगणार? भिंती मजबूत आहेत आमच्या. त्यांना भेगा नाहीत. माझ्याही पोटात त्या रेतीवर पिकलेलं गेलं आणि माझ्या डोक्यावरचं छतही तिचंच. कुणावर रागवायचं, ते मला या वयातही ठरवता आलेलं नाही.

यंदा मार्चच्या शेवटी दिलीपचा फोन आला. "ताई, टरबूज तोडून राहिलो. ये ना. आईले पण वावरात आणतो."

दिलीपनं उमरेडजवळ मक्त्यानं जमीन घेतली आहे. टरबूजच लावतो. रक्तात आहे म्हणावं तर त्याला वाडी आठवत नाही, झोळीत होता तो. ऐकून, पाहून, चुकून शिकला. गाडीतून उतरले आणि शेत पाहून थबकलेच. काळ्या जमिनीवर चंदेरी प्लास्टिकच्या लांब लांब पट्ट्या, उन्हात चकाकणाऱ्या. प्रत्येक पट्टीला सारखी भोकं, भोकातून वेल, आत ठिबकची नळी. टरबुजंही सारखी, एका मापाची, एका रंगाची, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या पोरींसारखी. सुंदर दिसत होतं. खोटं कशाला बोलू?

दिलीपची बायको वैशाली बांधावर उभी होती, हातात मोबाइल, व्यापाऱ्याशी बोलत. तिच्या डोक्यावर घागर नव्हती. तिचे तळवे मऊ आहेत. मामीनं तिच्याकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "पोरीची कंबर वाचली वं. हे बरं झालं." बांधाच्या कोपऱ्यात गेल्या हंगामातल्या प्लास्टिकचा ढीग होता, मातीनं माखलेला, फाटलेला. मी दिलीपला विचारलं, याचं काय करतोस? तो थोडा ओशाळला. "काही लोक जाळतात, ताई. मी नाई जाळत. पण टाकू कुठं? कोणी नेत नाई. अन् बोअर दरसाल खोल जाते. मले काय समजत नाई असं नाई. पण मार्चात माल नाई आला तं कळमन्यात विचारत नाई कोणी."

मामी तोवर प्लास्टिकच्या पट्टीशी उकिडवी बसली होती. तिनं भोकात बोट घातलं, माती चाचपली, बोट नाकाशी नेलं. मग बोट पदराला पुसून उठली.

आम्ही आंब्याखाली बसलो. दिलीपनं एक टरबूज आणलं, सुरीनं सारख्या फोडी केल्या. मामीला साखरेचा आजार आहे. डॉक्टरनं फळं बंद केली आहेत. वैशालीनं तिच्यासमोर ताट ठेवलंच नाही. मामीनं मला कोपरानं ढोसलं.

"तू खाय. अन् सांग मले, कसं लागते."

मी खाल्लं. रसाळ होतं, कुरकुरीत होतं, काठापर्यंत एकसारखं गोड होतं. दिलीप माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"गोड आहे, मामी."

"अन्?"

मी आणखी एक घास घेतला. शोधलं. "खूप गोड आहे."

"बस? गोडच?"

दिलीपचा चेहरा उतरला. मामीनं तो पाहिला. तिनं माझ्या हातातली फोड काढून घेतली. वैशाली "आई, डॉक्टर..." म्हणेपर्यंत तिनं चावा घेतलाही होता. तिनं ती सगळी फोड खाल्ली, सावकाश, पांढऱ्या भागापर्यंत, दातांनी खरवडून. मग पदरानं तोंड पुसलं आणि लेकाच्या मांडीवर हात ठेवला.

"चांगलं पिकवलं रे. तुया बापाले दाखवासारखं आहे."

दिलीपनं टरबुजाच्या बिया बोटानं एका ओळीत लावल्या. मग अचानक म्हणाला, "आई, मी लहान असताना बाबा नदीतली रेती भरे ना... तुले राग नाई आला कधी?"

शेतावरून उष्ण वारा आला, प्लास्टिक फडफडलं.

"आला ना," मामी म्हणाली. "लय आला. पण तो भरे अन् मीच त्याचा डब्बा नेवो. तुही शाळा त्याच्यात झाली, घरची चूल त्याच्यात पेटली. तो माणूस संध्याकाळी घरी आला का, पायाची रेती उंबऱ्याबाहेर झटके. एक दाणा घरात नाई येऊ दे. एकदा मी पाह्यलं, झटकता झटकता रडून राहिला होता. मंग मी कवाच काही नाई बोलली त्याले."

नामदेवमामाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला तो सायकलवर, विडी ओढत, हसतच आठवतो.

दिलीपनं घसा खाकरला. त्याला आईला काहीतरी द्यायचं होतं, ते दिसत होतं. "आई, मी काय म्हणतो, पुढच्या साली एक ओळ तुयासाठी लावू. जुनं, तुमच्या वाडीवरचं बीज पाहू आपण. तिकडे भंडाऱ्याकडे कोणाजवळ असन अजून. मी जाऊन आणतो. प्लास्टिक नाई, दवा नाई. तू सांगशीन तसं करू."

मामीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, तो झोळीतून उठलेलं वर्षाचं पोर असावा तसा.

"बीज भेटन रे, बापा," ती म्हणाली. "नदी कुठून आणशीन?"

पलीकडे बोअरचा पंप चालू होता, जमिनीतलं पाणी वर ओढत. दिलीप उठला, चप्पल पायात सरकवली आणि पंप बंद करायला गेला.